डेबूजींची धर्मशाळा

वऱ्हाडच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी अचलपूर हे जुने नगर आहे. इमादशाहीच्या काळी ते वऱ्हाडच्या राजधानीचे ठिकाण होते. इंग्रजी अमदानीत त्यास एलिचपूर म्हणत, आणि त्याच नावाचा एक स्वतंत्र जिल्हाही होता. १९०५ साली तो जिल्हा मोडून अमरावती जिल्ह्यात मिळविण्यात आला. या जुन्या एलिचपूर जिल्ह्याच्या दर्यापूर तालुक्यात शेंडगाव नावाचे एक लहानसे खेडे होते. आज ते अंजनगाव सुर्जी तालुक्यात मोडते. तेथे झिंगराजी जानोरकर या परीट गृहस्थाच्या घरी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव डेबूजी. पुढे सारा महाराष्ट्र ज्यांस गाडगे महाराज म्हणून ओळखू लागला, ते हेच.

झिंगराजींस मद्याचे व्यसन जडले होते. त्यापायी घर खंगले आणि तेही अकाली मृत्यू पावले. डेबू तेव्हा अगदी लहान होता. त्याची आई सखूबाई पोराला उराशी धरून मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी, आपल्या माहेरी आली. मामाच्या घरी खायला भाकरी होती, पण बसून खाण्यासारखी स्थिती नव्हती. डेबू गुरे राखू लागला. गुरांमागे रानात जाणाऱ्या पोराच्या हाती पाटी कोण देणार? पहाटे उठून त्याने गोठा झाडावा, गुरे सोडावी, दिवसभर रानात हिंडावे आणि रात्री भजनात टाळ धरावा, असा त्याचा क्रम असे. थोडा मोठा झाल्यावर त्याने नांगर धरला. शेतकामात त्याचा हात धरणारा गावात दुसरा नव्हता. तथापि अक्षराशी त्याची ओळख अशी झालीच नाही.

या निरक्षरपणाची किंमत त्या घराला लवकरच मोजावी लागली. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो भाव उतरला. चांगल्या दिवसांत ज्यांनी हात सैल सोडला होता ते शेतकरी सावकाराच्या वहीत अडकले. ज्याला वाचता येत नाही, त्याने कागदावर काय लिहिले आहे हे सावकाराच्याच तोंडून ऐकावयाचे आणि अंगठा उठवावयाचा, अशी रीत होती. डेबूचे मामा चंद्रभान यांनीही असाच अंगठा उठविला होता. घेतलेले कर्ज थोडे होते आणि ते फिटले असे त्यांस वाटत होते. परंतु कागद निराळेच बोलत होता. एके दिवशी शेत सावकाराचे झाले असल्याचे त्यांस कळले. त्या धसक्याने चंद्रभान अंथरुणास खिळले आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

सावकाराची माणसे शेताचा ताबा घेण्यास आली, तेव्हा तरुण डेबू आडवा झाला. ज्या मातीत आपण घाम गाळला तीत त्याने त्यांस पाऊल ठेवू दिले नाही. त्याच्या धैर्याची पंचक्रोशीत वाखाणणी झाली. परंतु डेबूच्या मनाला लागून राहिली ती गोष्ट वेगळी होती. मामा आळशी नव्हते, व्यसनी नव्हते. मग त्यांचे शेत का गेले? ते गेले एका कागदापायी, आणि तो कागद वाचणारे घरात कोणी नव्हते. पुढे पन्नास वर्षे कीर्तनांतून गाडगे महाराज सावकारी आणि निरक्षरता यांवर जे आसूड ओढीत आले, त्यांचे मूळ दापुऱ्याच्या या शेतात आहे.

१८९२ साली डेबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला. मुलेबाळे झाली, संसार मार्गी लागला. परंतु मन संसारात रमेना. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. ज्या वर्षी एलिचपूर जिल्हा नकाशावरून नाहीसा झाला, त्याच वर्षी हा त्या जिल्ह्याचा पुत्रही घरातून नाहीसा झाला. अंगावर चिंध्यांचा सदरा, हातात खराटा आणि मातीचे फुटके गाडगे, एवढाच त्यांचा संसार उरला. त्याच गाडग्यात ते भाकरी घेत आणि त्यातूनच पाणी पीत. एखाद्या गावी गेले की कोणाशी न बोलता ते रस्ता झाडू लागत. लोक त्यांस वेडा समजत. गाव स्वच्छ झाले की रात्री कीर्तन होई आणि तेव्हा लोकांस कळे की हा वेडा नव्हे.

त्या कीर्तनाचा थाट न्यारा होता. त्यात संस्कृत श्लोक नसत की पुराणातील लांबण नसे. वऱ्हाडी बोलीत महाराज श्रोत्यांस प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांकडूनच उत्तर वदवून घेत. देव कोठे आहे, कोंबड्या-बकऱ्यांचा बळी कोणाला पाहिजे, लग्नासाठी कर्ज का काढावे, असे ते प्रश्न असत. मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की त्यांचा आवाज चढे. जेवणाचे ताट विकावे लागले तर विकून भाकरी हातावर घेऊन खावी, घरातील बाईने हलक्या किमतीच्या लुगड्यावर वर्ष काढावे, पण पोराला शाळेत घातल्यावाचून राहू नये, असे ते लोकांच्या मनावर बिंबवीत. स्वतःला अक्षर न येणारा मनुष्य हे सांगत असल्यामुळे ऐकणाऱ्याला ते अधिक खरे वाटे.

कीर्तन ऐकून लोक पैसे देत. महाराज त्यांतील एक छदामही स्वतःस ठेवीत नसत. पूर्णेच्या तीरावर ऋणमोचन येथे पौष महिन्यात मोठी यात्रा भरते. नदीवर घाट नसल्याने यात्रेकरू चिखलात घसरून पडत. घर सोडल्यानंतर तीन-चार वर्षांतच महाराजांनी लोकांच्या श्रमाने तेथे घाट उभा केला. मग एकामागून एक धर्मशाळा उठू लागल्या. नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर येथे आणि मुंबईत रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांसाठी त्यांनी इमारती उभ्या केल्या. मूर्तिजापूर येथे गोरक्षण व धर्मशाळा झाली. हजारो रुपये त्यांच्या शब्दावर जमत आणि खर्च होत. कुंताबाई मात्र झोपडीत राहून कष्टाची भाकरी खात होत्या. आपण बांधलेल्या इमारतींत आपल्या नातलगांस जागा मिळू नये, याविषयी महाराज फार कडक होते. हा कडकपणा घरच्यांना किती जाचला असेल, याचा विचार चरित्रकार सहसा करीत नाहीत; परंतु कुंताबाईंनी तो आयुष्यभर सोसला, हेही सांगावयास हवे.

या सर्व इमारतींत एका इमारतीची कथा वेगळी आहे. ती म्हणजे पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा.

आषाढी-कार्तिकीस पंढरपुरी लक्षावधी वारकरी जमत. नाम एक, वाट एक, टाळांचा नादही एक. परंतु वारी पंढरीत पोहोचली की जात पुढे येई. ज्या त्या जातीच्या धर्मशाळा होत्या. पण तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांस मात्र कोठेच ओसरी नव्हती. शेकडो मैल चालून आलेल्या महार, मांग, चांभार स्त्री-पुरुषांनी उघड्या वाळवंटात पावसाखाली रात्र काढावयाची आणि चोखोबाच्या समाधीपाशी, महाद्वाराबाहेरूनच हात जोडून परत फिरावयाचे, असा शतकांचा रिवाज होता. विठ्ठलाचे मंदिर त्यांस खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. त्याच्या तीस वर्षे आधी, १९१७ च्या सुमारास, गाडगे महाराजांनी या लोकांसाठी धर्मशाळेचे काम हाती घेतले आणि काही वर्षांत भक्कम दगडी इमारत उभी केली. स्वतः महाराज पंढरपुरास गेले तरी गर्दीत शिरून दर्शन घेण्यापेक्षा वाळवंट झाडण्यातच रमत. कोणाला निवारा नाही, हे झाडणाऱ्याच्या नजरेस चटकन येते.

धर्मशाळा झाली. यात्रेच्या दिवसांत ती गजबजून जाई. पण यात्रा वर्षातून थोडेच दिवस असते. याच काळात निवारा नसलेला एक निराळा यात्रेकरू महाराष्ट्रात ठिकठिकाणी दिसू लागला होता. तो म्हणजे शिकावयास निघालेला गरीब मुलगा.

आजच्या मुलांस याची कल्पना येणे कठीण आहे. त्या काळी खेड्यात शाळा असली तर चौथीपर्यंत. अचलपूर भागातील मुलाला महाविद्यालयात जावयाचे तर अमरावती गाठावी लागे, आणि अमरावतीस महाविद्यालय निघाले तेच मुळी १९२३ मध्ये. त्यापूर्वी नागपूर, पुणे अथवा मुंबई. एवढे अंतर कापून मुलगा शहरात आला तरी त्याने राहावे कोठे? खाणावळीचे पैसे कोण देणार? आणि तो मुलगा महाराचा किंवा मांगाचा असेल तर पैसे असूनही त्याला खोली मिळत नसे, खाणावळवाला पंगतीस घेत नसे, पाणीसुद्धा वरून ओतले जाई. फी माफ झाली तरी असा मुलगा शिक्षण सोडून घरी परते. त्याला हवी होती ती शाळेच्या जवळ एक पडवी, दोन वेळची भाकरी आणि आपल्यासारखीच चार मुले, ज्यांच्याशी त्याला मोकळेपणाने बोलता येईल, ज्यांचे पुस्तक त्याला मागता येईल.

ही अडचण केवळ आपल्याच देशात होती असे नाही. ज्या युद्धामुळे वऱ्हाडचा कापूस महाग झाला, त्याच युद्धाने अमेरिकेतील कृष्णवर्णी गुलामांच्या बेड्या तुटल्या होत्या. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला तो याच कारणाने. पण बेड्या तुटल्या तरी विद्यापीठाची दारे सहजासहजी उघडत नाहीत. कृष्णवर्णी लोकांच्या शिक्षणासाठी १८६७ साली वॉशिंग्टन येथे हॉवर्ड विद्यापीठ निघाले. जेथे गोरी व काळी मुले एकाच विद्यापीठात शिकत, तेथे काळी मुले संख्येने अगदी थोडी आणि एकाकी असत. कॉर्नेल विद्यापीठात १९०६ साली अशा सात विद्यार्थ्यांनी एकमेकांस अभ्यासात व अडीअडचणीत आधार देण्यासाठी आपला एक बंधुसंघ स्थापन केला. त्यानंतर सातच वर्षांनी, १९१३ मध्ये, भीमराव आंबेडकर नावाचा एक भारतीय तरुण बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. शिष्यवृत्ती नसती तर तो तेथे पोहोचला नसता. हे तो तरुण पुढे कधी विसरला नाही.

महाराष्ट्रातही ही वाट तयार होत होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढविली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी निघालेले मिस क्लार्क वसतिगृह हे त्यांपैकीच. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरास वसतिगृह सुरू केले. साताऱ्यास भाऊराव पाटील यांनी सर्व जातींची मुले एका छपराखाली आणली. वऱ्हाडात हे काम डॉ. पंजाबराव देशमुखांनी उचलले. १९२६ मध्ये परदेशातून शिकून आल्यावर त्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले. त्याचा खर्च मुष्टिफंडातून चाले; म्हणजे घरोघरच्या बायांनी दळणातील मूठभर धान्य बाजूला काढून ठेवावयाचे आणि ते छात्रालयास द्यावयाचे. वऱ्हाडातील पुष्कळ मुले या मुठीवर शिकली.

गाडगे महाराज हे सर्व पाहत होते. त्यांनी देवळे फारशी बांधली नाहीत हे सर्वांस ठाऊक आहे. पण हळूहळू धर्मशाळेपेक्षाही शाळा आणि छात्रालय यांकडे त्यांचे मन ओढ घेऊ लागले, हे तितकेसे ध्यानात येत नाही. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेशी त्यांचा निकटचा स्नेह होता. कराड येथे १९५४ साली रयतने जे महाविद्यालय काढले, त्यास भाऊरावांनी सद्गुरू गाडगे महाराजांचेच नाव दिले.

डॉ. आंबेडकर व गाडगे महाराज यांचा परस्परांविषयी अतिशय आदर होता. वयाने महाराज पंधरा वर्षांनी वडील. एक जगातील नामांकित विद्यापीठांचा पदवीधर, दुसरा सही न येणारा. एक मंदिराच्या धर्मावर कठोर टीका करणारा, दुसरा देवकीनंदन गोपालाचा गजर करणारा. तरीसुद्धा शिक्षणाच्या प्रश्नावर त्यांच्यात तिळमात्र अंतर नव्हते. कीर्तनात महाराज आंबेडकरांचा दाखला हमखास देत. ज्यांच्या पिढ्यान्पिढ्या झाडण्यात गेल्या त्यांतील एका बापाने पोराला शाळेत घातले आणि त्या पोराने देशाची घटना लिहिली, हे सांगताना त्यांचा कंठ दाटून येई. जमलेल्या लोकांत झाडूवाले असत, हमाल असत, शेतमजूर असत. आपल्या मुलाचा चेहरा त्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहत असला पाहिजे.

डॉ. आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत १९४६ मध्ये सुरू झाले. दूरच्या खेड्यांतून येणारी मुले कोठे ठेवावी, हा जुनाच प्रश्न या संस्थेपुढेही होता. १९४९ मध्ये महाराज आजारी असताना डॉ. आंबेडकर त्यांच्या भेटीस गेले. ते त्या वेळी देशाचे कायदेमंत्री होते. त्याच वर्षी महाराजांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी आंबेडकरांच्या संस्थेच्या हवाली केली.

हे दान साधे नव्हते. ती धर्मशाळा म्हणजे महाराजांच्या उमेदीच्या वर्षांतील कमाई होती. तिच्यासाठी त्यांनी गावोगाव कीर्तने केली होती आणि गरिबांनी आपल्या कनवटीचे पैसे सोडून दिले होते. शिवाय ती पंढरीत होती. वारकऱ्यांसाठी बांधलेली वास्तू विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी, आणि तीही देवधर्माविषयी ज्याचे मत सर्वश्रुत आहे अशा पुरुषाच्या संस्थेस द्यावी, हे अनेक भाविकांच्या मनात सलले असते तर त्यात नवल नव्हते. महाराजांचा हिशेब सरळ होता. विठ्ठलाचे दार दोन वर्षांपूर्वी सर्वांस उघडले होते. आता जे दार बंद होते ते शाळेचे. वारकरी दोन रात्री राहून परत जातो, विद्यार्थी मात्र चार वर्षे राहतो आणि जाताना सगळ्या घराचे दैन्य बरोबर घेऊन जातो.

१९५२ साली महाराजांच्या नावाने मिशन स्थापन झाले आणि त्याने पुढे शाळा, आश्रमशाळा व वसतिगृहे चालविली. भुकेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यांना वस्त्र ही जी कामे महाराजांनी आपल्या अनुयायांस नेमून दिली, त्यांत गरीब मुलामुलींच्या शिक्षणास मदत करणे हेही एक आहे. मुलींचे नाव त्यात वेगळे घातले आहे, हे विशेष.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे झालेले महाराजांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे. आजही ते ऐकता येते. त्यातही शाळेचा विषय आहे आणि डॉ. आंबेडकरांचाही. त्यानंतर महिना होतो न होतो तोच, ६ डिसेंबर रोजी, दिल्लीस आंबेडकरांचे निधन झाले. महाराजांची प्रकृती आधीच ढासळली होती. ते वऱ्हाडात आले. अमरावतीहून अचलपुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर वलगाव हे गाव आहे. तेथे पेढी नदीवर पूल आहे. महाराजांना मोटारीतून अमरावतीस नेत असता, २० डिसेंबर १९५६ च्या रात्री त्या पुलाजवळ त्यांचे प्राण गेले. अमरावती शहरात त्यांची समाधी आहे.

१९८३ साली अमरावतीस विद्यापीठ स्थापन झाले. २००५ मध्ये त्याचे नाव संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ असे करण्यात आले. अचलपूरची महाविद्यालये या विद्यापीठाशी जोडलेली आहेत. शेंडगाव आणि दापुरे येथील जी मुले पदवीधर होतात, त्यांच्या प्रमाणपत्राच्या माथ्यावर अंगठा उठविणाऱ्या चंद्रभानच्या भाच्याचे नाव छापलेले असते.